दहा लाख ओळींच्या अलीकडे

एक्सेलच्या आजच्या फाइलमध्ये एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. २०११च्या जनगणनेनुसार बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८. प्रत्येक माणसाला एक ओळ द्यायची म्हटली, तर एका पानावर निम्मा जिल्हाही बसत नाही. एक्सेल २००७ येण्यापूर्वीच्या जुन्या फाइलची मर्यादा तर ६५,५३६ ओळींची होती. तीत एकटे खामगाव शहरही मावले नसते.

ही मर्यादा ओलांडली की काय होते, ते इंग्लंडने २०२०च्या कोरोनाकाळात पाहिले. प्रयोगशाळांकडून आलेले अहवाल तिथली आरोग्य यंत्रणा जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ओतत होती. एका रुग्णाच्या नोंदीला अनेक ओळी लागत, त्यामुळे फाइल लवकर भरली आणि पुढच्या नोंदी गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण वेळेवर मोजले गेले नाहीत. रुग्णांना त्यांचा अहवाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधणाऱ्यांपर्यंत ती नावेच पोहोचली नव्हती.

आपल्याकडे गोष्ट इतकी लांब जात नाही, आणि माझ्या मते आपले दुखणे नेमके तिथेच आहे. दहा लाखांची ओळ गाठायच्या कितीतरी आधी आपण अनुदानाच्या यादीची फाइल फोडतो. जिल्ह्याचे तालुके तेरा, म्हणून फाइली तेरा. मोताळ्याच्या फाइलमध्ये आधी आडनाव, नांदुऱ्याच्या फाइलमध्ये आधी नाव. एकीत गावाचा रकाना तिसरा, दुसरीत सातवा. कुणी तालुक्याचे नाव पहिल्या ओळीत एकदाच लिहून खालच्या घरांशी (सेलशी) जोडून टाकलेले असते, कुणी प्रत्येक ओळीत लिहिलेले असते. जिल्ह्याच्या ठिकाणी या तेराही फाइली एकाखाली एक चिकटवल्या जातात, आणि चिकटवणाऱ्याच्या हाताशी वेळ असतो तो संध्याकाळपर्यंतचा.

गावाच्या रकान्यात नुसते 'पिंपळगाव' असते. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव राजा आहे, पिंपळगाव सराई आहे, पिंपळगाव काळे आहे, पिंपळगाव देवी आहे. जोवर फाइल एका तालुक्यापुरती होती तोवर कुणाचे अडत नव्हते. पटवाऱ्याला आपले पिंपळगाव कोणते ते माहीत होते. फाइली एकत्र झाल्या की हे त्याच्या डोक्यातले ज्ञान मागेच राहते. प्रत्येक गावाला जनगणनेचा सहा अंकी क्रमांक दिलेला आहे, तो नेमका अशा वेळेसाठीच. पण याद्यांमध्ये तो रकाना बहुतेकदा रिकामा असतो. जिल्ह्याचे नावही कुठे बुलडाणा तर कुठे बुलढाणा, इंग्रजीत कुठे एच अक्षरासह तर कुठे त्याच्याविना. माणसाला दोन्ही एकच वाटतात, यंत्राला मात्र ते दोन जिल्हे दिसतात.

विदर्भात टंकलेखनासाठी कृतिदेव फॉन्ट फार चालला, अजूनही चालतो. कृतिदेवमध्ये 'राम' लिहिले की फाइलच्या पोटात साठतात ती जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथे 'राम' दिसतो, शेतकऱ्याच्या मोबाइलवर ती तीन अक्षरे दिसतात. मग अकारविल्हे लावणे, शोधणे, दुसऱ्या यादीशी ताडून पाहणे, सगळेच कोलमडते. निम्मी यादी युनिकोडमध्ये आणि निम्मी कृतिदेवमध्ये असेल, तर एकच माणूस दोनदा असूनही सापडत नाही, किंवा एकदा असूनही नाही असा निघतो.

आता एक शेत जवळून पाहू. गट क्रमांक १२, हिस्सा ३. ऑपरेटर घरात १२/३ टाइप करतो आणि एक्सेल त्याची तारीख करून टाकते: १२ मार्च. लक्षात आल्यावर तो घराचे स्वरूप बदलून साधा मजकूर करायला जातो, तर तिथे ४५७२८ असा आकडा येतो. एक्सेल तारखा आतून दिवसांच्या क्रमांकाने साठवते, आणि १२ मार्च २०२५ चा क्रमांक तो आहे. शेत गेले, गट गेला, हिस्सा गेला, उरला एक आकडा. वर हा आकडा गट क्रमांकासारखाच दिसतो, त्यामुळे पुढच्या टेबलावर कुणाला शंकाही येत नाही. बँक खात्यांचे असेच. सुरुवातीचे शून्य एक्सेल गाळते. पंधरा अंकांच्या पुढचा प्रत्येक अंक ते शून्य करते, आणि काही बँकांचे खाते क्रमांक तर सोळा अंकी आहेत. रकाना आधीच 'मजकूर' म्हणून ठरवून दिला तर यातले काहीच होत नाही. हे एवढे एक काम पहिल्या दिवशी कुणी शिकवले असते, तर किती जणांचे हेलपाटे वाचले असते!

सगळ्यात घातक चूक मात्र सर्वांत सोपी आहे. यादी अकारविल्हे लावायची म्हणून नावाचा रकाना निवडून क्रम लावला जातो. शेजारचे रकानेही सोबत हलवायचे का, असे एक्सेल विचारते. घाईत चुकीचे बटण दाबले जाते. मध्ये एखादा रकाना पूर्ण रिकामा असेल, तर पलीकडचे रकाने हलतही नाहीत आणि कसला प्रश्नही विचारला जात नाही. नावे सरकली, खाते क्रमांक जागच्या जागी. यादी आता पहिल्यापेक्षा नीटनेटकी दिसते, एकूण रक्कम तीच, ओळींची संख्या तीच, आणि तरीही एकाच्या नावापुढे दुसऱ्याचे खाते. एनईएफटीने पैसे जातात ते केवळ खाते क्रमांक पाहून. रिझर्व्ह बँकेने २०१० साली तसे स्पष्टच केले होते. ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्याला समोरच्या खात्याचे नाव पाहता यावे, ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करण्याचे आदेश बँकांना मिळाले. मधल्या सगळ्या वर्षांत अनुदानाची रक्कम चुकीच्या खात्यात गेली, तर ती शोधायची जबाबदारी ज्याला मिळाली नाही त्याच्यावरच होती.

जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराने पिके आणि जमीन खरवडून नेली. अशा वेळी पंचनामा होतो, यादी बनते, तहसीलला जाते, तिथून पुढे. ज्याचे नाव त्या यादीत बरोबर बसत नाही, तो आधी पटवाऱ्याकडे जातो, मग तहसीलला, मग बँकेत, मग सेतू केंद्रात. प्रत्येक ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळते: आमच्याकडे वरून जशी यादी आली तशी आहे. हे उत्तर खोटे नसते. यादी खरोखरच कुणाची नसते.

यादी आणि नोंदवही यांतला फरक आपल्या महसूल दप्तराला कुणी शिकवायची गरज नव्हती. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही घ्या. जमिनीवरच्या हक्कात बदल झाला की त्या बदलाला एक क्रमांक मिळतो. पटवारी तो लिहितो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, आणि मग मंडळ अधिकारी, म्हणजे लिहिणाऱ्याहून वेगळा माणूस, तो प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावर बदल होतो. तोही कसा? जुन्या खातेदाराचे नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नवे नाव लिहितात आणि फेरफाराचा क्रमांक वर्तुळात टाकतात. आजोबांच्या नावाला कंस का पडला, हे तो क्रमांक धरून पन्नास वर्षांनीही काढता येते. लिहिताना झालेली चूक दुरुस्त करायचीही कायद्यात सोय आहे, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५५. आज संगणकशास्त्रातले जाणकार चांगल्या डेटाबेसकडून ज्या अपेक्षा ठेवतात (प्रत्येक बदलाचा माग, लिहिणारा आणि तपासणारा वेगळा, जुने पुसायचे नाही), त्या सगळ्या या शाई-कागदाच्या पद्धतीत होत्या. तिच्यात लाचखोरी होती, दिरंगाई होती, माणसे रडकुंडीला येत होती. ते मी नाकारत नाही. पण तिची रचना भक्कम होती.

याच जिल्ह्यातली आणखी एक वही सांगण्यासारखी आहे. वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवत असे, त्या 'कोतवाल बुक' म्हणून ओळखल्या जातात. जातीच्या दाखल्यासाठी आजही लोक तहसीलच्या अभिलेख कक्षात तिची नक्कल मागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अशाच जुन्या वह्या बाहेर आल्या. कागद पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या, काही ठिकाणी मोडी लिपी. पण नोंद वाचता येते. दहा वर्षांपूर्वीच्या अनुदानाची एक्सेल फाइल मागून पाहा. ज्या ऑपरेटरने ती केली तो सोडून गेला, संगणक बदलला, पेन ड्राइव्ह कुठे गेला ते माहीत नाही, आणि ईमेलमध्ये 'अंतिम', 'सुधारित अंतिम' आणि 'अंतिम नवीन' अशा तीन फाइली आहेत, ज्यांतली कोणती खरी हे सांगणारा कुणी नाही.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिसिकॅल्क हा पहिला लोकप्रिय स्प्रेडशीट प्रोग्रॅम आला, तो हिशेबासाठी. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलावेत, ही त्यामागची कल्पना होती आणि ती विलक्षण होती. एक्सेल त्याच घराण्यातले. हिशेबाला त्याच्यासारखे साधन नाही. गावच्या बचतगटाचा ताळेबंद, दूध संकलनाचा रोजचा हिशेब, शाळेचा पोषण आहार यांना दुसरे काही लागतच नाही. घोळ होतो तो हिशेबाच्या कागदाला आपण दप्तर मानतो तेव्हा. दप्तरात कोण काय बदलतो याला कुलूप लागते, एकाच माणसाची नोंद दोनदा घेऊ नये याला आडकाठी लागते. एक्सेलमध्ये शेतकऱ्याच्या वयाच्या घरात गावाचे नाव लिहिले तरी ते निमूट मान्य करते. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने ठरलेला असतो, त्यामुळे एक अंक चुकला तर ते तत्काळ ओळखता येते. पण ती तपासणी कुणीतरी लावावी लागते. एक्सेलमधून ती आपोआप होत नाही.

२०१७च्या कर्जमाफीत हे सगळे एका वेळी अंगावर आले. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेसाठी बँकांकडून ६६ रकान्यांत माहिती मागवली होती. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली आणि पाठोपाठ याद्यांमधले घोळ बाहेर आले. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली. रकाना सक्तीचा आहे आणि माहिती हाताशी नाही, अशा वेळी भरणारा काहीतरी भरतो, हे जगभर होते. सहासष्ट रकाने ठरवणाऱ्याने तो विचार करायला हवा होता. गुगलच्या शीटमध्ये एक कोटी घरांची मर्यादा आहे. सहासष्ट रकाने घेतले तर दीड लाख ओळींतच ती संपते. रकाना वाढवणे वरच्या माणसाला फुकट वाटते. त्याची किंमत खाली चुकवावी लागते.

आणि नोंद एकदा बरोबर भरली म्हणजे झाले, असेही नाही. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली, आयएफएससी कोड बदलले. १ मे २०२५ रोजी राज्यातल्या दोन ग्रामीण बँका एक झाल्या. खातेदार वारतो, वारस लागतात, लेकीचे लग्न होऊन आडनाव बदलते, मोबाइल नंबर बदलतो. नोंद न हलवता ठेवली तरी दरवर्षी थोडी थोडी खोटी होत जाते. म्हणून दरवेळी नवी यादी, पुन्हा केवायसी, पुन्हा झेरॉक्स. गेल्या वेळी शेतकऱ्याने रांगेत उभे राहून जी दुरुस्ती करून घेतली होती, ती त्या यादीबरोबरच संपलेली असते. या वेळी त्याची चूक पुन्हा मूळपदावर. मला यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो: दुरुस्ती मुळापर्यंत परत जात नाही.

ऑपरेटरांना बोल लावण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक मानधनावर असतो, त्याला कुणी रकाने ठरवायला बसवत नाही, त्याच्या नावाने कुठला आदेश निघत नाही. त्याच्या हातात येते ती आज पाचच्या आत पाठवा अशी व्हॉट्सअॅपवरची सूचना. गावातला नामदेव कोण आणि नामा कोण हे त्याला ठाऊक असते, पण ते लिहायला फाइलमध्ये जागा नसते.

२०१७ साली संगणकीकृत सातबारा बिनचूक करण्यासाठी राज्यभर चावडी वाचन झाले. उतारे गावासमोर वाचले, लोकांनी आपापल्या चुका सांगितल्या, त्या टिपून घेतल्या. अनुदानाच्या यादीचे तसे वाचन पैसे निघण्याआधी व्हायला हवे. नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि खात्याचे शेवटचे चार अंक एवढेच मोठ्याने वाचावे, बाकीचे वाचायचे कारण नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि नवे सॉफ्टवेअरही लागत नाही. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय वाढवावा लागतो. आणि दुरुस्त झालेले आकडे मूळ नोंदीत कोण भरणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ते भरले की नाही हे दुसरे कोण पाहणार, ही दोन नावे आणि ती तारीख ठरावात लिहावी लागते.