दयेवरचे व्याज

औशाच्या माणसाला समुद्राचे कौतुक सांगू नये. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याचे आम्ही शेजारी. एवढे पाणी, आणि तेही खारट, बघून जीव नुसता हळहळतो. तरी पाठीवर पिशवी टाकून आम्ही उभयता कोकण किनाऱ्याने वेळासला गेलोच. मंडणगड तालुक्यातले हे गाव नाना फडणविसांचे. म्हणजे आम्हा हिशेबनिसांचे तीर्थक्षेत्रच म्हणा ना!

तिथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण वाळूत शंभरेक अंडी पुरून समुद्रात निघून जाते. पुन्हा चौकशी नाही. हजारांत एखादेच पिल्लू मोठे होते म्हणतात. असल्या वसुलीचे कर्जप्रकरण कुठला मॅनेजर मंजूर करील? पूर्वी माणसेही ही अंडी पळवत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला घेतली. पुढे पिल्ले बघायला पाहुणे येऊ लागले, घरोघरी उतरू लागले, गावाला चार पैसे सुटू लागले.

"म्हणजे पैशासाठीच की हो!" सौ. म्हणाली. "याला दया म्हणायचं होय?"

आता आली का पंचाईत! पण व्याज मिळते म्हणून ठेवीची रक्कम खोटी ठरते काय? टोपली उचलली की पिल्लू लगालगा पाण्याकडे निघते. राखणाऱ्याचा हेतू तपासायला त्याला सवड कुठली? मला भीती वेगळीच. उद्या पाहुणे आटले, तर ठेव मोडणार नाहीत ना?

हे विचारायला वळलो, तर सौ. पदराने कावळा हाकलत होती. फुकट.