भिंतीची ऊब, बियाण्याचं बळ

लेहहून सिंधूच्या वरच्या अंगाला गेलं की एक लहानसं गाव लागतं. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे, हे गाव त्याहूनही थोडं वर. वर्षभराचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, हिवाळ्यात पारा उणे २० च्याही खाली. उघड्या शेतात पीक घ्यायचं तर मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचेच दिवस हाताशी. गावात टोमॅटोच्या दोन जाती होत्या. एक लहान फळाची, बटाट्यासारख्या रुंद पानांची. ती लवकर यायची, गारठ्यातही फळ धरायची, पण चवीला पाणचट. दुसरी मोठ्या फळाची, कातरलेल्या पानांची, गरदार आणि आंबटगोड. तिची फळं रंगावर यायला लागली की थंडीचा पहिला कडाका पडायचा आणि एका रात्रीत झाडं काळी पडायची.

या गावात एक आजी आणि तिचा नातू राहत होते. लडाखी रीतीप्रमाणे तो तिला ‘अबी-ले’ म्हणायचा आणि ती त्याला ‘नोनो’. त्यांचं ग्रीनहाऊस उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचं होतं. उत्तरेची भिंत दुहेरी, मधे गवत भरलेलं, आतून काळ्या रंगाची. दक्षिणेला पॉलिथिन. दिवसभर खाल्लेलं ऊन ती भिंत रात्री उबेच्या रूपात परत द्यायची. दार मात्र पूर्वेच्या टोकाला होतं, आणि हिमनदीच्या ओढ्यावरून येणारा वारा रात्रभर त्याच्या फटींतून आत घुसायचा.

लेहच्या एका शिबिरात नोनो टोमॅटोचा संकर करायला शिकला होता. दोन्ही जातींचे गुण एका झाडात आणायचे, असं त्याने मनाशी ठरवलं. मार्चच्या मध्यावर त्याने कोबी, फ्लॉवर आणि टोमॅटोचं बी ट्रेमध्ये पेरून ट्रे स्वयंपाकघरात बुखारीजवळ, म्हणजे ऊब देणाऱ्या शेगडीजवळ, ठेवले, कारण टोमॅटोच्या बियाला रुजायला २० ते २५ अंशांची ऊब लागते. कोंब वर आले, तसे ट्रे ग्रीनहाऊसमध्ये गेले. रोज संध्याकाळी पॉलिथिनवर जाड आच्छादन पसरायचं आणि सकाळी ऊन आलं की काढायचं, हा आजी-नातवाचा नेमच झाला.

झाडं फुलावर आली तेव्हा नोनोने लहान जातीची एक कळी निवडली. कळी अजून मिटलेली होती, पाकळ्यांवर फिकट पिवळी झाक नुकती उतरत होती. टोमॅटोचं फूल आपल्याच परागकणांनी फळतं, म्हणून ते उमलण्याआधीच हात घालावा लागतो. त्याने चिमट्याने पाकळ्या बाजूला केल्या, आतला पुंकेसरांचा पिवळा शंकू अलगद सोलून काढला. मधे राहिला एकटा हिरवा दांडा, सुईच्या टोकाएवढ्या कुक्षीचा. मग मोठ्या जातीचं उमललेलं फूल काचेच्या तुकड्यावर टिचकीने झटकलं, त्यावर पडलेली पिवळसर भुकटी कुक्षीला लावली आणि देठाला लाल दोरा बांधला.

फळ धरलं, पिकलं, आणि नोनो हिरमुसला. “अबी-ले, हे तर होतं तसंच! लहान आणि पाणचट.”

“गर आईचाच असतो रे. नवं काय असेल ते बियांत. फळ बघून निकाल लावू नकोस.”

त्याने बिया गरासकट पाण्यात भिजत घातल्या. दोन-तीन दिवसांत वरचा बुळबुळीत थर सुटला, भरलेल्या बिया तळाशी बसल्या. त्या सावलीत वाळवून त्याने कागदाच्या पुडीत जपून ठेवल्या.

दुसऱ्या वर्षी त्या बियांची सगळी रोपं कातरलेल्या पानांची निघाली. नोनोने उडीच मारली. रुंद पान हा मागे राहणारा गुण आहे. रुंद पानाच्या आईला कातरलेल्या पानाचं लेकरू झालं, म्हणजे संकर खरोखर साधला होता. त्या वर्षीची झाडं एका साच्यातून काढावीत तशी सारखी होती. खरी गंमत तिसऱ्या वर्षी झाली. त्या झाडांच्या बियांतून आलेली भावंडं एकाला एक मिळेनात. चारांत सुमारे एक रुंद पानाचं, कुणी उंच, कुणी बुटकं, कुणाची फळं लिंबाएवढी, कुणाची मुठीएवढी. आता निवड करायची होती. पुढचा वाण ज्या झाडापासून चालवायचा, ते झाड ठरवायचं होतं.

नोनोला फार शोधावंच लागलं नाही. काळ्या भिंतीला लागून एक झाड जूनच्या आरंभीच घोसांनी लगडलं होतं. शेजारीपाजारी येऊन बघून जात. त्याने मोठ्या अभिमानाने त्याला लाल दोरा बांधला.

अबी-ले दाराजवळ थांबली होती. तिथे एक बुटकं झाड होतं. गारठ्याने त्याची पानं खालून जांभळी पडली होती, फळंही मोजकीच, पण खालच्या प्रत्येक घोसात दोन-चार धरलेली. आजूबाजूच्या झाडांची फुलं मात्र सांध्यापासून गळून मातीत पडली होती.

“नोनो, बी याचं धर,” ती म्हणाली.

“याचं? अबी-ले, त्या झाडाकडे बघा, आणि याच्याकडे बघा!”

“बघितलं. त्या झाडाचं कौतुक कर, पण त्यातलं झाडाचं किती आणि भिंतीचं किती, ते आधी विचार.”

नोनोला ते पटलं नाही. आजीनेही वाद घातला नाही. तिने दोन्ही झाडांच्या दोन-दोन बगलफुटी खुडल्या आणि पाण्याच्या पेल्यांत ठेवल्या. टोमॅटोच्या बगलफुटीला पाण्यात आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, आणि अशी फूट म्हणजे तेच झाड. त्यात दुसऱ्या कशाची भेसळ नसते. मुळं धरल्यावर तिने जागांची अदलाबदल केली. भिंतीजवळच्या झाडाची फूट दारापाशी लावली, दाराजवळच्या झाडाची भिंतीपाशी. “आता तू निवडू नकोस, मीही निवडत नाही,” ती म्हणाली. “रात्रीच्या वाऱ्याला निवडू दे.”

जुलैत दोन्हीकडे फुलं आली. टोमॅटोला रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली गेलेला सोसत नाही. परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. दारापाशी आलेल्या त्या नामांकित झाडाच्या फुटीची फुलं एकामागून एक गळाली. नोनो रोज सकाळी ती वेचून तळहातावर घ्यायचा आणि काही न बोलता परत जायचा. इकडे बुटक्या झाडाच्या फुटीला भिंतीची ऊब मिळताच घोसामागून घोस धरू लागले, फळंही आईपेक्षा थोराड झाली.

ऑगस्टच्या अखेरीस नोनोने भिंतीजवळच्या झाडाचा लाल दोरा स्वतःच सोडला.

“अबी-ले, ते झाड खोटं होतं का?”

“नाही रे. त्याने फळं दिली, ती आपण खाल्ली, त्याचे उपकारच आहेत. पण त्याला मिळालेली ऊब त्याच्या बियांत उतरणार नाही. ऊब भिंतीची होती, ती भिंतीपाशीच राहणार. उघड्या शेतात आपण भिंत कुठून आणणार?”

त्या वर्षी बी धरलं ते दाराजवळच्या झाडाचं. त्याचीही सगळी लेकरं गुणाची निघाली नाहीत. काही पाणचट, काही उशिराची. म्हणून पुढच्या वर्षी नोनोने त्यांची एक ओळ मुद्दाम दारापाशी लावली आणि तिथे टिकलेल्यांतून चव बघून पुन्हा निवड केली. असं करत बरेच हंगाम गेले, कारण संकराचा वाण स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या लागतात. शेवटी मध्यम आकाराचा, चवदार आणि थंडीपुढे टिकून राहणारा टोमॅटो गावाच्या उघड्या वाफ्यांत पिकू लागला.

पुढे एकदा लेहच्या शिबिराला गावातलं एक मूल पाठवायचं ठरलं. सगळ्यांच्या तोंडी ठेकेदाराच्या मुलाचं नाव होतं. गुण सर्वांत जास्त, घरी शिकवणी, बसायला वेगळी खोली. एका मेंढपाळाची मुलगी गुणांत थोडी मागे होती. पहाटे पाणी भरून, शेळ्या बाहेर काढून ती शाळेत यायची आणि रात्री घरच्या बुखारीजवळ बसून अभ्यास करायची. नोनो म्हणाला, “मुलगा चांगलाच आहे. पण ही मुलगी दारापाशी वाढूनही एवढी फळली आहे. तिला एकदा भिंतीजवळची जागा देऊन बघा.” गावाने त्याचं ऐकलं, आणि तिने ते सार्थ केलं.

तात्पर्य : कुणाचंही यश मोजताना तो कुठल्या जागी वाढला, हे आधी बघावं. अनुकूल जागेत डोळ्यांत भरणारं यश हे पुष्कळदा जागेचं देणं असतं, आणि प्रतिकूल जागेतलं थोडंसं यशही अंगच्या बळाची साक्ष देतं. ज्याला ऊब लाभली त्याने तिचं ऋण मानावं, ज्याच्या हाती निवड आहे त्याने गारठ्यात फळलेल्याला आधी संधी द्यावी.