वारसांची कैफियत

मारल्या गेलेल्या माणसाच्या वारसांनी सरकारदरबारी भरपाईचा अर्ज दिला, की भोवतालच्या समाजाच्या मुद्रेवर नापसंतीची एक सूक्ष्म छटा उमटते. आणि ‘माणूस तर गेला, आता त्याचे पैसे करता काय?’ हा प्रश्न कोणी उघड विचारो अथवा न विचारो, तहसील कचेरीच्या ओट्यावर कागदांची पिशवी मांडीवर धरून बसलेल्या बाईच्या कानांवर तो पडल्यावाचून राहत नाही. शोक निरपेक्ष असावा आणि रुपयाचा स्पर्श होताच तो विटाळतो, अशी ही समजूत आहे. ती मला सर्वस्वी अन्याय्य वाटते. ज्यांच्या घरातून कर्ता पुरुष कधी कोणी ओढून नेला नाही, त्यांनाच ती परवडते.

हिंगोली जिल्ह्यात हा विचार पुस्तकी राहत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीपासून विभक्त झालेला हा मुलूख १९४७-४८ साली निजामी राज्याच्या उत्तर सरहद्दीवर होता. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान; अलीकडे हैदराबाद संस्थान, जेथे २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतरही कासीम रझवीच्या निजामनिष्ठ रझाकारांची सशस्त्र टोळकी गावोगाव धुमाकूळ घालीत होती, आणि स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते वऱ्हाडातील उमरखेडसारख्या कॅम्पांच्या आश्रयाने करोडगिरीची नाकी व पोलिसांची ठाणी उठवीत होते. वापटीचे बहिर्जी शिंदे या संग्रामात धारातीर्थी पडले आणि वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले गेले, हे सर्वथा उचितच झाले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. सरकारी कागदांत या साऱ्याचे नाव ‘पोलीस कारवाई’. युद्ध म्हणून ते कधी जाहीर झालेच नाही, त्यामुळे पलटणीतील शिपायाचा मृत्यू जसा पटावर चढतो, तसा पट रयतेतील मृतांच्या वाट्याला आला नाही.

समजा, कयाधूच्या काठचा एक कुणबी त्या वर्षी पोळ्याच्या आधी आपल्याच शिवारात गोळीस बळी पडला. घरात बायको, दोन लहान मुले आणि थकलेला बाप. हा मृत्यू वीराचा की केवळ अभाग्याचा, याचा निवाडा होण्याच्या कितीतरी आधी त्या घराचे औत उभे राहते. ज्वारी निंदणीवाचून तणात जाते, बैल विकावे लागतात, जमिनीचा तुकडा सावकाराकडे गहाण पडतो, आणि मोठा मुलगा पाटी-दप्तर टाकून दुसऱ्याच्या वाड्यावर सालदार राहतो. पुढच्या दोन पिढ्यांचे दारिद्र्य त्या एका गोळीने ठरवून टाकलेले असते. माणसाची हानी रुपयांत मोजता येते, असे मी म्हणत नाही. परंतु तिचा जो अंश रुपयांत मोजता येतो, तोही मोजण्याचे नाकारून त्या जागी हार, तसबीर आणि चौकातील शिळा पुढे करणे, यात मृताचा गौरव अल्प आणि जिवंतांची वंचना अधिक असते.

त्याच काळातील दुसरी एक नोंद पाहावी. निजामाने राज्य गमावले, तर त्याला निजामी हाली सिक्क्याचे ५० लाख, म्हणजे कलदार ४२,८५,७१४ रुपये, एवढा वार्षिक तनखा बांधून दिला गेला, आणि २६ जानेवारी १९५० पासून राजप्रमुखाचे पदही त्याच्याकडे राहिले. १९४९ साली जागिरी खालसा झाल्या, तर जागीरदारांच्या बुडालेल्या उत्पन्नाबद्दल मोबदला देण्याचा कायदा झाला. हे देणे राजकीय शहाणपणाचे होते, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालू इच्छीत नाही. मला एवढेच दिसते की, ज्याची सत्ता गेली त्याची हानी ही भरून देण्याजोगी हानी आहे, हे नव्या राज्याने विनासायास मान्य केले; आणि त्याच उलथापालथीत ज्या बाईचा नवरा गेला, तिच्या हानीला मात्र असा स्वयंसिद्ध अधिकार लाभला नाही. राजेरजवाड्यांचे तनखे १९७१ च्या घटनादुरुस्तीने बंद झाले, आणि स्वातंत्र्यसैनिक व हुतात्म्यांची कुटुंबे यांच्यासाठी केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. हा क्रम ज्याला केवळ योगायोग वाटत असेल, त्याने तो एकदा सावकाश मनात घोळवून पाहावा.

त्या योजनेतही सैनिकाला दरमहा किमान २०० रुपये आणि हुतात्म्याच्या कुटुंबाला १०० ते २०० रुपये, तेही वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत असेल तरच, अशी मर्यादा होती. ती उत्पन्नाची अट १ ऑगस्ट १९८० पासून गेली. परंतु कुटुंब म्हणून सरकारने ज्यांना ओळखले ते आईवडील, अविवाहित मुली आणि पुनर्विवाह न केलेली विधवा. मुलगा त्यात नाही, भाऊ नाही. शेतकरी समाजात पाट लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. पोटच्या पोरांना जगविण्यासाठी विशीतल्या विधवेने दुसरे घर धरले, तर पहिल्या नवऱ्याच्या रक्ताचा मोबदला तिच्या पदरी पडण्याचा मार्ग खुंटला. आणि सालदार झालेला तो मुलगा, ज्याचे सारे आयुष्य बापाच्या मृत्यूने वाकविले, तो या हिशेबात कोणीच नव्हे! राज्य शासनाने २०२२ साली आपल्या योजनेतील मानधन दरमहा १०,००० वरून २०,००० रुपये केले खरे, परंतु तोवर ते घेणारे हात फारच थोडे उरले होते.

पुराव्याची गोष्ट तर याहून दुःसह आहे. त्या काळची सरकारी कागदपत्रे किंवा तत्कालीन वृत्तपत्रे दाखल करा, असा दंडक. आता निजामी अंमलातील दफ्तर उर्दूत आणि त्यावरील साल फसली; घरच्या माणसांना आठवतो तो पोळा, तर कागदावर असते १३५७ फसली. ज्या राजवटीच्या बंदुकीने माणूस पडला, त्याच राजवटीच्या अंमलदाराने त्याला देशभक्त म्हणून नोंदविलेले असावे, अशी अपेक्षा कोणत्या न्यायबुद्धीने धरायची? त्यात पुन्हा हैदराबाद राज्य जाऊन १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्य आले, १९६० साली महाराष्ट्र आला, १९९९ साली परभणीचे हिंगोली झाले, आणि प्रत्येक स्थित्यंतरात बासने हलली. कागद सांभाळण्याची जबाबदारी सरकारची होती. तो हरवल्याचा दंड मात्र वारसाने भरावयाचा.

न्यायासनाने ही विसंगती ओळखली नाही असे नाही. अर्जास विलंब झाला एवढ्याच कारणाने तो फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली मुकुंदलाल भंडारी यांच्या प्रकरणात म्हटले. आणि फौजदारी खटल्यात लागतो तसा निःसंशय पुरावा येथे मागू नये, संभाव्यतेच्या कसोटीवर निर्णय करावा, असे २००१ साली गुरदयाल सिंग यांच्या प्रकरणात सांगितले. परंतु मराठवाड्यातच बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण उघडकीस आले, न्यायमूर्ती पालकर आयोगाची चौकशी झाली, आणि खोट्यांनी खाल्लेल्या पैशांचा संशय खऱ्यांच्या अर्जांवर येऊन बसला. खोटी प्रतिज्ञापत्रे करणाऱ्यांनी तिजोरी लुटली, त्याहूनही मोठा अपराध हा की त्यांनी निरक्षर म्हाताऱ्यांच्या शब्दाची पत घालविली.

तरीही माझे मुख्य म्हणणे याच्या पलीकडचे आहे. ही सारी व्यवस्था पराक्रमाला वेतन देते. मृत्यूची भरपाई देत नाही. ज्याने नाके उडविले त्याच्यासाठी निदान नमुना-अर्ज आहे. जो जनावरे घेऊन पळताना मारला गेला, जी म्हातारी पेटलेल्या घरात राहिली, त्यांच्यासाठी नमुनाही नाही. आणि पोलीस कारवाईच्या पाठोपाठ सुडाच्या लाटेत जे निरपराध मुसलमान मारले गेले, त्यांचे तर नाव काढणेही आपल्याला जड जाते. नेहरूंच्या सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळाने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा केला, आणि आपल्या शेजारचा नांदेड त्यांनी सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत गणला. तो अहवाल सामान्य माणसास पाहावयास मिळाला २०१३ साली. रझाकारांनी मारलेल्या शेतकऱ्याचे घर आणि त्यानंतर मारल्या गेलेल्या विणकराचे घर यांच्या चुली सारख्याच विझल्या, आणि दोहोंचे रक्षण करणे हे राज्य म्हणविणाऱ्या संस्थेचे कर्तव्य होते. निजामाचा खजिना, सारा, गायराने, इमारती यांचा वारसा ज्या सरकारने घेतला, त्याने त्या दौलतीवरील हे ऋण तेवढे नाकारावे, हे आपल्या गावातील साध्या वाटणीच्या न्यायातही बसत नाही.

इतकी वर्षे लोटल्यावर हे उकरणे व्यर्थ, असे कोणी म्हणेल. त्याने दूरदेशीचे एक उदाहरण पाहावे. जावा बेटावरील रावागेदे या खेड्यात डच सैनिकांनी ९ डिसेंबर १९४७ रोजी, म्हणजे आपल्याकडे रझाकारी ऐन भरात असताना, गावातील पुरुषांना रांगेत उभे करून गोळ्या घातल्या. त्यांच्या विधवांनी साठ वर्षांनंतर हेगच्या न्यायालयात दावा लावला. दावा मुदतबाह्य आहे, हे डच सरकारचे म्हणणे न्यायालयाने १४ सप्टेंबर २०११ रोजी अमान्य केले, प्रत्येक विधवेला २०,००० युरो मिळाले, आणि त्याच वर्षीच्या स्मृतिदिनी डच राजदूताने त्या गावात जाऊन क्षमा मागितली. पुढे २०१५ साली त्याच न्यायालयाने अशा मृतांच्या मुलांचाही हक्क मान्य केला. परकीय सत्तेविरुद्ध परक्या भूमीवर जे वृद्ध खेडवळ स्त्रियांना साधले, ते स्वकीय सरकारकडे मागण्यात कोणती लाज आहे?

म्हणून हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कचेरीने १९४७-४८ मधील मृतांची गाववार नोंदवही करावी. तीत धर्म, जात आणि पराक्रम यांची विचारणा नसावी, मुलगा व दुसरे घर केलेली विधवा यांनाही वारस मानावे, आणि मुदतीच्या वा हरवलेल्या कागदाच्या सबबीवर कोणाची नोंद नाकारू नये. ज्यांना ते वर्ष आठवते ती माणसे आज ऐंशी ओलांडून गेली आहेत. वाचकांपैकी कोणाच्या घरी किंवा गल्लीत असे कोणी असेल, तर याच आठवड्यात त्यांच्यापाशी बसून त्यांचे कथन त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, खाली त्यांची सही अथवा अंगठा घ्यावा, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत दाखल करून पोच मागावी.