गोड घांस आणि दारचा गुलाब

कष्टानें पोट भरणाऱ्या घरांत गोडाधोडाला आणि फुलझाडाला जागा असावी कीं नसावी, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु प्रत्येक घर त्याचें उत्तर रोज आपल्या वागणुकीनें देत असतें. एक गृहस्थ म्हणतो, "पावसाचा भरंवसा नाहीं, सोसायटीचें कर्ज फिटलें नाहीं, मुलांच्या शाळेचा खर्च पुढें उभा आहे, अशा वेळीं लाडू कसले आणि गुलाब कसला?" दुसरा म्हणतो, "चार दिवसांचें आयुष्य. खाऊन पिऊन घ्यावें." पहिल्याच्या घरीं गूळहि कुलपांत असतो, दुसऱ्याच्या घरीं सणाच्या दुसऱ्या दिवशीं वाण्याची उधारी दारांत उभी असते. ह्या दोघांपैकीं कोणाचें ऐकावें, ह्याचा आज आपण शांतपणें विचार करूं.

पहिल्या गृहस्थाचा पक्ष हलका नाहीं. मुलाच्या औषधाचे पैसे मोडून जो बाप मिठाई आणतो त्याला कोणी शहाणा म्हणणार नाहीं. गरज आधीं, आवड मागून, हा संसाराचा नियम खरा आहे. परंतु ह्या नियमावरून पुष्कळ सज्जन असें अनुमान काढतात कीं, ज्याची गरज नाहीं तें सर्व वायां होय. हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. गरजेपुरतेंच करावयाचें असें ठरविलें, तर रडक्या मुलाला हंसविण्याची गरज नाहीं, पाहुण्याला वेशीपर्यंत पोंचविण्याची गरज नाहीं, म्हाताऱ्या आईजवळ घटकाभर बोलत बसण्याची गरज नाहीं. ह्यांवांचून कोणी उपाशी मरत नाहीं. तरी ज्या घरांतून ह्या गोष्टी गेल्या त्या घराची धर्मशाळा होते. तेथें माणसें जेवतात आणि निजतात, इतकेंच.

डॉक्टर बेंजामिन पिअरी पाल (१९०६–१९८९) ह्यांचें नांव शेतकऱ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. गव्हावर पडणाऱ्या तांबेऱ्यास तोंड देतील अशा जाती निर्माण करण्याच्या कामीं त्यांनीं आपलीं बरींच वर्षें वेंचलीं, आणि १९६५ सालीं ते भारतीय कृषि संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. ह्याच गृहस्थांनीं गुलाबाच्याहि अनेक नव्या जाती तयार केल्या. एका हातीं गहूं आणि दुसऱ्या हातीं गुलाब धरल्यानें त्यांचा गहूं कांहीं उणा झाला नाहीं. तेव्हां आनंद हा कर्तव्याचा वैरी आहे, हें म्हणणें आपण सोडून देऊं.

आतां दुसऱ्या गृहस्थाकडे वळूं. तो आनंद घ्या म्हणतो, हें ठीक आहे. परंतु त्या आनंदाची किंमत कोण देतो, हें तो विचारीत नाहीं. गोड घांस कधींच फुकट नसतो. आपण पैसे दिले म्हणजे किंमत दिली असें आपणांस वाटतें; पण पुष्कळदां किंमतीचा मोठा भाग दुसऱ्याच कोणीं तरी आधींच भरलेला असतो.

ह्याविषयीं एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. वेस्ट इंडीज बेटांतील उंसाच्या मळ्यांत आफ्रिकेंतून धरून आणिलेले गुलाम राबत, आणि त्या मळ्यांची साखर इंग्लंडांतील घरोघरच्या चहांत पडे. १७९१ सालीं गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव तेथील पार्लमेंटांत नापास झाला. त्याच वर्षीं विल्यम फॉक्स ह्यांनीं एक लहानसें पत्रक छापून, ही साखर विकत घेणारा ह्या अन्यायाचा भागीदार होतो, असें लोकांस बजाविलें. हजारों कुटुंबांनीं ती साखर सोडिली. ज्या स्त्रियांस मत देण्याचा अधिकार नव्हता त्यांनीं आपलें मत साखरदाणींतून दिलें. गुलामांचा व्यापार कायद्यानें बंद होण्यास १८०७ साल उजाडलें, आणि ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांतील गुलामगिरी मोडणारा कायदा १८३३ सालीं झाला. केवळ साखर सोडल्यानें हें घडलें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु स्वयंपाकघरांतहि न्याय-अन्यायाचा विचार होऊं शकतो, हें त्या घरांनीं दाखवून दिलें.

पुढें बंगालांतील श्रीरामपूर येथें राहून १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध करणारे विल्यम केरी ह्यांनीं आपल्या १७९२ च्या पुस्तकांत ह्या साखर सोडणाऱ्या कुटुंबांचा गौरवानें उल्लेख केला आहे. अशा मनुष्याचें अंगण रुक्ष असेल, अशी आपली कल्पना होईल. पण भाषांतरें, शाळा आणि छापखाना ह्यांच्या धबडग्यांतहि केरींनीं श्रीरामपुरास मोठी बाग राखिली होती, आणि बागाईतीच्या वाढीसाठीं १८२० सालीं एक संस्थाहि स्थापिली. चमचाभर साखरेमागचें दुःख ज्यास दिसलें त्यासच फुलझाडाचा लळाहि होता. ह्यावरून आम्ही असें समजतों कीं, आनंद पारखून घेणें आणि आनंदाला पारखें होणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आज आपल्या चहांतली साखर गुलामांनीं पिकविलेली नाहीं. तरी बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दरसाल लाखों मजूर ऊंसतोडीस बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरिला जातो. आणि पुष्कळ मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. आमचे कित्येक वाचक हें आमच्याहून अधिक जाणतात, कारण त्यांचे आप्तच त्या फडावर असतात. अशा घरचें एखादें मूल म्हाताऱ्या आजीजवळ गांवीं राहिलें असेल, तर सणाच्या दिवशीं त्यास आपल्या मुलांच्या ओळींत पानावर बसवावें. ज्यांनीं ऊंस तोडला त्यांच्या लेंकराला त्याचा गोडवा कळूं नये, हें आपणांस शोभत नाहीं.

शरीरहि एक किंमत देतें. वरून घातलेली साखर, गूळ, मध व फळांचा रस ह्यांतून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण आहारशक्तीच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, आणि जमल्यास विसाव्या हिश्शाच्या आंत, म्हणजे सुमारें २५ ग्रॅम असावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सुचविलें. पंचवीस ग्रॅम म्हणजे चहाचे सहा चमचे. दोन दोन चमचे साखरेचा चहा दिवसांतून चार वेळां घेणारा मनुष्य लाडूला हात न लावितांच ही मर्यादा ओलांडितो. भारतांत मधुमेह झालेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें. ह्यांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, रोजच्या चहांतल्या त्या साखरेनें कोणाला सणासारखा आनंद झालेला नसतो. जें रोज होतें त्याची चव जिभेला कळतहि नाहीं. चहा थोडा अगोड करून जो आपली गोडी सणासाठीं राखून ठेवितो, त्याला एक पुरणपोळीहि पुष्कळ वाटते.

परंतु सर्वांत जवळची किंमत कोणती, हें आम्हांस अजून सांगावयाचें आहे. ती चुलीजवळ बसलेली असते.

पुरणपोळीचा विचार करा. हरभऱ्याची डाळ निवडावयाची, शिजवावयाची, कट काढावयाचा, गूळ घालून पुरण आटवावयाचें, तें वाटावयाचें, कणीक तिंबून ठेवावयाची, मग एक एक पोळी हलक्या हातानें लाटून तव्यावर टाकावयाची. शेतांतलें काम, पाणी, भांडीं आणि मुलें ह्यांतून सुटका नसतेच. पंगत बसते, 'आणखी एक वाढ' असें चारी बाजूंनीं होतें, आणि शेवटीं जिनें हें सारें केलें तिच्या वांट्याला चुलीची आंच आणि एखादी फुटलेली पोळी उरते. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळेच्या पाहणींत, घरचें विनावेतन काम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामीं दिवसाला सरासरी २८९ मिनिटें वेळ जातो, आणि असें काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटें, असें दिसून आलें. शिवाय असें काम मुळींच न करणारे पुरुष ह्या सरासरींत धरलेले नाहींत. ह्या आंकड्यांपुढें सणाचा गोडवा थोडा कडवट लागला, तर तें औषध समजावें.

मार्था आणि मरिया ह्यांची गोष्ट आपण सर्वांनीं पुष्कळदां ऐकिली आहे, आणि मार्थेनें फार धडपड करूं नये हा बोध आपल्या बायकांस पुष्कळदां केला आहे. परंतु मार्थेची तक्रार काय होती, इकडे पुरुषांचें लक्ष फारसें जात नाहीं. काम फार आहे असें ती म्हणाली नाहीं. काम एकटीवर पडलें आहे, असें ती म्हणाली. तिला 'बैस' म्हणणाऱ्या प्रत्येकानें आधीं आपण उठून दाखवावें, हें न्यायाचें आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांस महाराष्ट्र फुलांमुलांचा कवि म्हणून ओळखतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्या 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. तो ग्रंथ वाचणाऱ्यास त्या घराची दुसरी बाजूहि दिसते: येणारें जाणारें माणूस फार, देणाऱ्याचा हात सैल, आणि घरांत पैशाची ओढाताण. कवीच्या उदारपणाचा हिशेब लक्ष्मीबाईंच्या डब्यांत होत असे. त्यांनीं तो हंसत खेळत सांगितला, हा त्यांचा मोठेपणा. परंतु प्रत्येक घरच्या लक्ष्मीला लेखणी मिळत नाहीं, आणि तिचा हिशेब कोणीहि वाचीत नाहीं.

तर मग गोडधोड आणि फुलझाड हीं टाकून द्यावीं काय? मुळींच नाहीं. एकीच्या पाठीवर बसलेला आनंद खालीं उतरवून सर्वांच्या खांद्यावर घ्यावा, इतकेंच आमचें म्हणणें आहे. ह्याचें एक सोपें उदाहरण देतों. सुवासिक देशी गुलाबाची एक काडी शेजाऱ्याकडून मागून आणावी आणि जेथें पांच-सहा तास ऊन्ह येतें अशा ठिकाणीं लावावी. तांदूळ धुतलेलें पाणी तिला पुरवावें. दरसाल पाऊस संपल्यावर पुरुषानें तिची छाटणी करावी. सुमारें सहा-सात आठवड्यांनीं फुलें येऊं लागतात. पाणी घालणें हें मुलांचें काम ठरवावें. फुलें पुष्कळ झालीं म्हणजे पाकळ्या स्वच्छ करून कोरड्या कराव्यात, आणि कांचेच्या बरणींत पाकळ्यांचा एक थर व खडीसाखरेच्या चुऱ्याचा एक थर असें वजनास वजन भरून, झांकण लावून, ती बरणी तीन-चार आठवडे उन्हांत ठेवावी. मधून मधून कोरड्या चमच्यानें ढवळावें. गुलकंद तयार होतो. हारासाठीं विकत मिळणारीं फुलें बहुधा औषध फवारलेलीं असतात. तीं ह्या कामीं घेऊं नयेत. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं गुलकंद औषध आहे अशा समजुतीनें खाऊं नये, कारण त्यांत निम्मी साखरच असते.

ह्या बरणींत आम्हांस एक गोष्ट फार आवडते. तिच्यासाठीं कोणालाहि चुलीपुढें तासचे तास बसावें लागत नाहीं. फुलें मुलांनीं तोडलीं, साखर बापानें कुटली, आणि राहिलेलें काम सूर्यानें केलें. त्या घरची बाई जेव्हां चमचाभर गुलकंद तोंडांत घालते, तेव्हां तिला तो खरोखर इतरांइतकाच गोड लागतो.

जे उपदेशक बंधु घरोघर जातात त्यांस येथें एक विनंति आहे. आपण गेलां कीं गरीब बाई हातचें काम टाकून शिऱ्यासाठीं रवा शोधूं लागते. घरांत नसला तर मुलाला मागच्या दारानें उसना आणावयास पाठविते. तिच्या प्रेमाचा अव्हेर करूं नये. पण "बाई, पाणी पुरे, आपण बसा, आम्ही आपल्याशींच बोलावयास आलों आहों," असें म्हणावें. तिच्या दारीं गुलाब असेल तर त्याची चौकशी करावी. एवढ्यानें तिचा पाहुणचार पुरा होतो, आणि तिला उसना रवा फेडावा लागत नाहीं.

शेवटीं प्रत्येक कुटुंबानें येत्या सणाच्या आधीं एक गोष्ट ठरवावी. डाळ चुलीवर चढण्यापूर्वीं घरच्या कर्त्या पुरुषानें विचारावें कीं, पुरण कोण वाटणार, पाणी कोण आणणार, भांडीं कोण घांसणार, आणि जी पोळ्या लाटणार ती कोणत्या पंगतीला बसणार. ती पहिल्या पंगतीला बसावी असें वाटत असेल, तर पोळ्या थोड्या कमी कराव्यात, किंवा दुसऱ्या कोणीं तरी तव्यापुढें बसावें. पोळी वेडीवांकडी झाली तरी चालेल. तिच्या पानावर ती गरम पडली पाहिजे.