तण कोणास म्हणावे?

रानातील झाडपाला निरखीत हिंडणे व त्याची छायाचित्रे घेणे हा ख्रिस्ती मनुष्याच्या वेळेचा सदुपयोग होय काय? नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आपल्या मंडळ्यांतले काही तरुण मोबाईलवर अशी चित्रे जमवितात. आणि पोटाची चिंता असता हे रिकामपण कशास, असे वडीलधारे विचारतात. प्रश्न योग्य आहे. त्याचा विचार करू.

प्रभूने शिष्यांस रानातील भूकमळांकडे लक्ष द्यावयास सांगितले. मत्तयाच्या शुभवर्तमानात तेथे जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा भाव नीट निरखून शिकणे असा आहे. १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपुरात मोठी बागही राखिली, आणि रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ संपादून १८३२ साली छापविला. कुंभा या वृक्षाच्या शास्त्रीय नावात केरींचे नाव आजही आहे. सुवार्तेच्या सेवेत त्यांस हा अभ्यास अडथळा वाटला नाही.

परंतु एका चित्राने ओळख होत नसते. तरोटा आषाढात कोवळ्या पानांची भाजी देतो, भाद्रपदात पिवळा फुलतो आणि दिवाळीनंतर वाळल्या शेंगा घेऊन उभा राहतो. किनवटच्या रानात पावसाळ्यात कळलावीचे ज्वालेसारखे फूल मन मोहिते, पण तिचा कंद प्राणघातक आहे. वारुळावरची अळंबी चार दिवस दिसून नाहीशी होते; तिची बुरशी मात्र वाळवी जमिनीखाली जोपासीत असते. विषारी व खाण्याजोगी अळंबी दिसण्यात सारखी असू शकते. म्हणून चित्रावरून ओळखून ती कोणी खाऊ नये.

येथे नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. तण हे कोणत्याच वनस्पतीचे नाव नाही. तो आपण दिलेला निवाडा आहे. सोयाबीनच्या धन्यास तरोटा तण वाटतो. खुरपणाऱ्या बाईच्या चुलीवर त्याचीच भाजी होते. पिकासाठी खुरपणी केलीच पाहिजे, यात पाप नाही. पण ज्यास कधी निरखिले नाही त्यास टाकाऊ म्हणण्याची सवय शेतापुरती राहत नाही. गावकुसाबाहेर ज्यांस वसविले, त्यांसही लोकांनी न पाहताच हलके ठरविले. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी हे सोसिले आहे. निदणाच्या दृष्टांतातील धनी चाकरांस घाईने उपटू देत नाही, हे आपण विसरू नये.

म्हणून, तरुण बंधुभगिनींनो, चित्र घेण्यास अवश्य वाका. मात्र शेजारी वाकून खुरपणाऱ्या बाईस ओलांडून जाऊ नका. कित्येक झाडांचे नाव, ऋतू व गुण तिला ठाऊक असतात. तिला सलाम करून नाव विचारा, ते चित्राखाली लिहा, आणि तिला मजुरी पुरी मिळते की नाही हेही विचारा. असे कराल तर तुमचे निरखणे रिकामपण ठरणार नाही. ते शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे शिक्षण होईल.