‘ऊर्फ’

आमच्या घराण्याची वंशावळ छापून आली त्यास आतां चार वर्षें होत आलीं. आमच्या धाकट्या चुलत बंधूंनीं ती मोठ्या कष्टानें सिद्ध केली. कागद सुबक, अक्षर ठळक, आणि घडी उलगडली कीं सात पिढ्यांचा वृक्ष एकदम डोळ्यांपुढें उभा राहतो. ती हातीं पडली त्या दिवशीं आम्हांस झालेला आनंद लपविण्याचें कारण नाहीं. परंतु वरून तिसऱ्या पिढीशीं आमची दृष्टि अडखळली. तेथें आमच्या खापरपणजोबांच्या नांवाशेजारीं असें छापलें आहे : ‘पत्नी भागीरथी ऊर्फ उमा’. या लेखांत आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें या दोन नांवांमधील लहानशा शब्दाविषयीं आहे.

एका माणसाचीं नांवें अनेक असतात, हें मराठी वाचकास नव्यानें सांगावयास नको. पत्रिकेंतलें नांव निराळें, पाळण्यांतलें निराळें, हांकेचें त्याहून निराळें. नातवास आजोबांचें नांव ठेवावें ही एक चाल, आणि सुनेनें सासऱ्याचें नांव उच्चारूं नये ही दुसरी. या दोन चालींच्या कचाट्यांत सांपडलेल्या आईनें आपल्या मुलास काय म्हणून हांक मारावी? ती त्यास बाबा, तात्या, नाना असें कांहीं तरी म्हणे, आणि साठ वर्षांनीं खरेदीखतावरही तेंच नांव उतरे. मुलीचें तर लग्नांत नांवच बदले. तबकांत तांदूळ पसरून त्यांवर सोन्याच्या अंगठीनें नवें नांव रेखिलें, कीं जुनें नांव माहेरीं राहिलें. आणि माहेरचीं माणसें सरलीं कीं तें त्यांच्याबरोबर गेलें.

अशा ठिकाणीं ‘ऊर्फ’ हा शब्द अगदीं प्रामाणिक आहे. थोरले बाजीराव आणि थोरले माधवराव हे दोघेही पेशवे आपल्या नांवापुढें ‘बल्लाळ’ लावीत. ज्यास ठाऊक नाहीं तो यांच्या वडिलांचें नांव बल्लाळ होतें असें समजून चालेल. पण बल्लाळ म्हणजे बाळाजीच. एकाचे वडील बाळाजी विश्वनाथ, दुसऱ्याचे बाळाजी बाजीराव. आणि या दुसऱ्या बाळाजींस लोक ओळखीत नानासाहेब म्हणून. नाना फडणीसांचें लिहिण्यांतलें नांव बाळाजी जनार्दन होतें. लोकमान्य टिळकांचें मूळ नांव केशव. महात्मा फुल्यांचें घराणें मूळचें गोऱ्हे; फुलांच्या धंद्यावरून तें फुले झालें. मुंबईंत 1796 सालीं बेने इस्राएल समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर. शेवटचें आडनांव सोडलें तर हीं एकाच गृहस्थाचीं नांवें आहेत अशी शंकाही येऊं नये! परंतु या सर्व ठिकाणीं दोन नांवांमध्यें पूल आहे. पत्र आहे, शिक्का आहे, समकालीनांची साक्ष आहे. ‘ऊर्फ’ हा शब्द आपणांकडे अरबींतून आला, आणि तेथील त्याचा धातु ‘जाणणें’ या अर्थाचा आहे. जें लोकांस माहीत आहे तें ऊर्फ. गंमत अशी कीं, घरोघरच्या वंशावळींत हा शब्द नेमका तेथें येतो, जेथें कोणासच कांहीं माहीत नसतें.

माहीत नसतांना तो कां येतो? आमच्या बंधूंवर आम्ही लबाडीचा आरोप करीत नाहीं. ते आमच्याहून उद्योगी आहेत व मोडी आमच्यापेक्षां चांगली वाचतात. मोडी ही लिपिच अशी, कीं तींत इकार बहुधा दीर्घच आणि उकार ऱ्हस्वच. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची पद्धति नाहीं. आधीं ओळभर रेघ ओढावयाची आणि मग तिला अक्षरें लोंबत ठेवावयाचीं. तेव्हां वाचणारा जें शोधीत असतो तेंच त्यास तींत दिसूं लागतें. आमच्या मूळ पुरुषाचेंच पाहा. आजोबांच्या टिपणवहींत ‘त्रिंबक’, एका जुन्या यादींत ‘तिमाजी’, आणि एका इनामाच्या कागदाच्या नकलेंत ‘त्र्यंबक’, आडनांवावांचून. बंधूंच्या मतें तिघे एकच. तिमाजी हें नांव तिम्माप्पावरूनही पडूं शकतें, हें आमचें म्हणणें त्यांना रुचलें नाहीं. त्या नकलेवर ‘इसन्ने अशर मयातैन व अलफ’ असा सन आहे, म्हणजे 1212. तो शुहूर सन धरला तर इसवी सन 1811-12 येतें. फसली समजून केवळ 590 मिळविले तर नऊ वर्षें मागें जावें लागतें. बंधूंनीं प्रथम फसली धरला होता, आणि तसा धरल्यास मूळ पुरुष इनामाच्या वेळीं लहान मूल ठरतो असें दिसतांच तो शुहूर धरला. अरबी शब्दांत लिहिलेला सन शुहूरच असण्याचा संभव अधिक, तेव्हां निर्णय बरोबर होता. पण तो बरोबर ठरला तो इनाम हवें होतें म्हणून, हें विसरतां येत नाहीं.

अशी गरज ही नवी गोष्ट नव्हे. 1852 च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हां इनामदारांस मूळ पुरुषापर्यंतची आपली परंपरा दाखवावी लागली. घरचे कागद हुडकून वंशावळी तयार झाल्या त्या पोटासाठीं. ज्याचें शेत जाणार आहे त्यानें तिमाजीचा त्र्यंबक केला, तर त्यास दोष देण्यास आमची जीभ वळत नाहीं. आमचें मात्र कोणतेंही शेत जाणार नव्हतें.

मूळ पुरुषाचें असो. तो त्रिंबक असला काय किंवा तिमाजी असला काय, त्यानें फारसें बिघडत नाहीं. भागीरथी आणि उमा यांची गोष्ट वेगळी आहे.

नाशिकास आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहींत शके 1794, म्हणजे इसवी सन 1872 ची नोंद आहे. खापरपणजोबांनीं ती स्वहस्तें लिहिली असून तींत पत्नीचें नांव ‘भागीरथी’ आहे. आजोबांच्या टिपणवहींत मात्र ‘उमा’ आहे. आजोबांचें टिपण ऐकीव नव्हे. त्यांनीं आपल्या आजीस लहानपणीं पाहिलें होतें. आलवण नेसून माजघराच्या दाराशीं जप करीत बसलेली म्हातारी, एवढी तिची आठवण ते सांगत. आमचे पणजोबा 1875 च्या सुमारास जन्मले. बंधूंनीं दोन्ही नांवें मांडलीं, मध्यें ‘ऊर्फ’ घातला, आणि चौकट भरली.

आम्हांसही प्रथम त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. मग आमच्या काकूंची एक गोष्ट आठवली. भाद्रपद वद्य नवमीस, म्हणजे अविधवा नवमीस, अहेवपणीं गेलेल्या स्त्रियांसाठीं सवाष्ण जेवूं घालण्याची रीत वाचकांस परिचित असेलच. आमच्या घरीं त्या दिवशीं दोन सवाष्णी असत. एक पणजीसाठीं, ती पणजोबांच्या आधीं गेली. दुसरी कोणासाठीं? आम्हीं कॉलेजांत असतांना काकूंस हें एकदां विचारलें होतें. त्या म्हणाल्या, “अरे, मी कुठें विचारलें? सासूबाई दोन पानें वाढीत, मीही दोन वाढतें.” तेव्हां आम्ही हंसलों होतों. आतां हंसूं येत नाहीं. टिपणवहींतली उमा वैधव्यांत वृद्ध होऊन गेली. तिच्यासाठीं अविधवा नवमीस पान असण्याचें कारण नाहीं. मग तें पान नवऱ्याआधीं गेलेल्या दुसऱ्या कोणा स्त्रीचें असलें पाहिजे, आणि वहींतली भागीरथी ती असूं शकते. ती 1872 नंतर लवकरच वारली असेल. कदाचित् पणजोबांच्या बाळंतपणांतच. मग उमा घरांत आली असेल आणि तिनें तें मूल वाढविलें असेल. तसें असल्यास आमचें रक्त एकीचें आणि आमचें घर दुसरीचें.

हा पुरावा पुरेसा नाहीं, हें आम्ही जाणतों. तें दुसरें पान एखाद्या जावेचें किंवा चुलतसासूचें असूं शकेल. शिवाय विस्मृतींत गेलेली एक तरुण स्त्री शोधून काढावी, हा आमच्यासारख्या लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकाचा मोह आहे. बंधूंस इनामाचा होता तसाच. तेव्हां आम्ही निर्णय देत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, निर्णय होत नाहीं तोंवर कोणती चूक पत्करावी?

आमचे नैयायिक लाघवाचे भोक्ते. एका वस्तूनें काम भागत असतां दोन मानूं नयेत, हें त्यांचें म्हणणें. ऑकमचेंही तेंच, आणि वर्गांत आम्ही तें वर्षानुवर्षें शिकविलें आहे. भौतिक शास्त्रांत तें योग्यच आहे. तेथें अनावश्यक मानलेलें तत्त्व वगळलें तर कोणावर अन्याय होत नाहीं. पण वंशावळींतली वस्तु ही माणूस आहे. एकीच्या चुकून दोघी केल्या, तर एक नांव कागदावर रिकामें राहील. उद्या एखादें पत्र सांपडलें तर तें खोडतां येईल. दोघींची चुकून एक केली, तर दुसरीस शोधण्याचें कारणच उरत नाहीं. जो शब्द तिला पुसतो तोच शोधाचें दारही लावून घेतो. कोणी म्हणेल कीं मृतांस याचें काय? त्यांस कांहीं नसेल. पण साक्षीदार खोटें बोलला तर अपराध केवळ ज्याचें नुकसान होतें त्याच्या दुःखानें मोजीत नाहींत.

या बाबतींत आमचे जुने याज्ञिक आम्हां सुशिक्षितांपेक्षां अधिक प्रामाणिक होते असें वाटतें. श्राद्धांत नांव आणि गोत्र उच्चारावें लागतें. पण ज्यास तीं ठाऊक नाहींत त्याचें काय, हा प्रश्न त्यांनीं टाळला नाहीं. गोत्र माहीत नसल्यास काश्यप म्हणावें. पित्याचें, पितामहाचें, प्रपितामहाचें नांव माहीत नसल्यास पृथ्वीवर, अंतरिक्षांत आणि द्युलोकांत बसणारे पितर अशा शब्दांनीं त्यांस पिंड द्यावे. नांव ठाऊक नाहीं म्हणून कोणास उपाशी ठेवावयाचें नाहीं, आणि ठाऊक नसलेलें नांव रचूनही सांगावयाचें नाहीं. काकूंचें दुसरें पान याच जातीचें होतें. त्यांना नांव माहीत नव्हतें. संख्या माहीत होती, ती त्यांनीं मोडली नाहीं.

काकू गेल्यावर तें पान बंद झालें. अलीकडे नवमीस कोणास जेवावयास बोलवावें हाच प्रश्न असतो, आणि आमच्याकडे तर ती रीतच राहिलेली नाहीं. याबद्दल आम्हांस विशेष खेद होत होता असें म्हणणें खोटेपणाचें होईल. खेद झाला तो वंशावळ पाहिल्यावर.

गेल्या वर्षीं बंधू आणि आम्ही नाशिकास गेलों होतों. उपाध्यायांनीं वही काढून तेंच पान उघडलें. शाई तपकिरी झाली आहे, तरी ‘भागीरथी’ स्वच्छ वाचतां येतें. रिवाजाप्रमाणें त्यांनीं नवी नोंद करण्यास सांगितलें. आम्हीं आपलें व मुलांचें लिहिलें, आणि खापरपणजोबांच्या नांवाखालीं एका ओळींत भागीरथी, दुसऱ्या ओळींत उमा असें लिहून, ‘दोघी कीं एक, हें निश्चित नाहीं’ एवढें पुढें जोडलें. उपाध्यायांनीं तें वाचलें, कांहीं विचारलें नाहीं, आणि वाळूं घातलें.

बंधू मागून डोकावून पाहत होते. “दादा, पुढच्या आवृत्तींत हें घ्यायचें म्हटलें तर चौकट पुरायची नाहीं,” ते म्हणाले. चौकट लहान आहे हें खरें. आम्हीं ती मोजून पाहिली आहे. दोन ओळी बसवावयाच्या तर शेजारच्या इनामाच्या मजकुरांतून थोडी जागा घ्यावी लागेल, असें आम्हीं त्यांस सुचविलें आहे. त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.