जेवण वेगळे, बक्षीस वेगळे

(सामान्य काळातील विसावा रविवार, वर्ष अ)



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १५:२१-२८) आपल्याला एक आई भेटते. ती कनानी, म्हणजे यहुदी लोकांच्या दृष्टीने परकी. घरी मुलगी भुताने पीडलेली, म्हणून ती ओरडत प्रभू येशूच्या मागे येते. शिष्य कंटाळतात आणि तिला घालवून द्या म्हणतात. त्यात प्रभूही मुलांची भाकर कुत्र्यांना टाकण्याची गोष्ट काढतो. हे शब्द आपल्या कानाला खटकतात. मूळ ग्रीक भाषेत तिथे लहान कुत्रा अशा अर्थाचा शब्द आहे, तरीही ते बोल ऐकणे सोपे नव्हते. पण ती आई मागे फिरत नाही. मेजाखाली पडणारा चुरा तर त्या लहानग्यांनाही मिळतो, असे ती नम्रपणे सुचवते. आणि प्रभू तिच्या विश्वासाची थोरवी सर्वांसमोर सांगतो.

हे शुभवर्तमान मी अनेक वर्षे वाचत आलो. यंदा मात्र ते वाचताना माझी मान खाली गेली. का, ते आज सांगणार आहे. ज्या मुलाची ही गोष्ट आहे त्याची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी मी घेतली आहे.

गेल्या पावसाळ्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांची प्रार्थना घेत होतो. एका मुलाला विश्वासांगीकार म्हणायला उभे केले. तो दोन ओळी म्हणाला आणि अडखळला. पुन्हा म्हणायला लावले, पुन्हा तिथेच अडला. त्या दिवशी मला घाई होती, पुढे एक लग्न होते. माझ्या तोंडून निघून गेले, “अरे, एवढ्या वेळात कुत्र्यालाही आले असते!” वर्गातली मुले हसली. तो खाली बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. खरे सांगायचे तर माझ्या ते लक्षातही आले नाही.

त्याच सुमारास आपल्या धर्मगुरू निवासात मोती आला. पांढरा, झुपकेदार शेपटीचा, मांजराएवढा कुत्रा. त्याच्या घरची माणसे दूर फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि तो आपल्याकडे राहिला. कोणी हात उचलला की तो बाकाखाली शिरायचा. मी त्याला “बस, बस” म्हणून ओरडायचो आणि तो आणखी आत जायचा.

एका संध्याकाळी व्हरांड्यात पाहतो तर तोच मुलगा. आचाऱ्यांना अंडी द्यायला आला होता. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि मोती त्याच्यासमोर. मुलाच्या चिमटीत उकडलेल्या चिकनचा तुरीच्या दाण्याएवढा तुकडा होता. तो तुकडा त्याने मोतीच्या नाकाजवळ नेला आणि हळूच डोक्यावरून मागे सरकवला. तुकड्याकडे बघता बघता मोतीचे डोके वर गेले आणि पाठ आपोआप खाली टेकली. टेकली त्याच क्षणी मुलगा म्हणाला, “शाब्बास!” आणि तुकडा त्याच्या तोंडात. पाचएक मिनिटे हे चालले. मग त्याने खेळ थांबवला. “आता बस, नाही तर कंटाळेल,” म्हणाला. आठवडाभरात मोती बसायला शिकला. पुढे हात द्यायला शिकला, गोल फिरायलाही शिकला.

मी त्याला विचारले, “ओरडलास तर लवकर नाही का शिकणार?”

तो म्हणाला, “नाही फादर. ओरडलं तर तो बसायला शिकत नाही, घाबरायला शिकतो.”

बंधू-भगिनींनो, हे ऐकून मी गप्प झालो. मग त्याच्याकडून मी बरेच शिकलो. शाबासकी लगेच द्यायची. उशीर झाला तर ती कशासाठी, हे त्याला कळत नाही. केले नसताना द्यायची नाही, कारण त्याने त्याचा गोंधळ होतो. पूर्ण जमेपर्यंत थांबायचे नाही, अर्धे जमले तरी तेवढ्याचे कौतुक करायचे. तुकडा लहान हवा, नाही तर एवढ्याशा जिवाचे पोट बिघडते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा कधीच द्यायचे नाही, ते कुत्र्याला विषासारखे आहेत. आणि सवय लागली की तुकडा हळूहळू कमी करायचा. कधी द्यायचा, कधी नाही, पण ‘शाब्बास’ आणि पाठीवरचा हात मात्र रोजचा.

एके दिवशी मोतीचा मूड नव्हता. काही केल्या हात देईना. मी गमतीने म्हणालो, “आज त्याला रात्रीचे जेवणच देऊ नका, उद्या बरोबर करील.” मुलगा दचकला. म्हणाला, “असं कसं फादर? जेवण वेगळं, बक्षीस वेगळं. जेवण तर त्याचंच आहे.”

त्या एका वाक्यात आजचा उपदेश आहे.

आपल्या घरांत काय होते पाहा. ९० टक्के आणलेस तर सायकल, असे आपण म्हणतो. त्यात मोठे वावगे नाही, ते बक्षीस झाले. पण ७० टक्के आले की चार दिवस मुलाशी नीट बोलत नाही, शेजारच्या मुलाचे नाव घेऊन टोचतो, जेवताना तोंड फिरवतो. तेव्हा आपण त्याचे बक्षीस नाही, जेवण काढून घेतो. आईबापाची माया हे मुलाचे जेवण आहे. ते गुण पाहून वाढायचे नसते.

देवाचा न्यायही असाच आहे. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल रोमकरांना सांगतो की देव आपली दाने आणि आपले पाचारण परत घेत नाही (रोम ११:२९). पुष्कळांना वाटते की आपण नीट वागलो, नोव्हेना चुकवली नाही, की देव वरून एक तुकडा टाकतो. आजारपण आले की वाटते, माझे काही चुकले, म्हणून ताट ओढून घेतले. नाही. कृपा हे बक्षीस नव्हे, ती भाकर आहे. त्या कनानी मुलीने काय केले होते? काहीच नाही. ती घरी पडून होती. तिला पूर्ण आरोग्य मिळाले, चुरा नव्हे.

आणि प्रभूने कौतुक केले ते कोणासमोर? ज्यांना ती बाई नकोशी झाली होती, त्याच शिष्यांसमोर. मी एका मुलाला सर्वांसमोर लाजवले. प्रभूने एका परक्या आईला सर्वांसमोर उंच केले.

संत डॉन बॉस्को यांची एक गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. ८ डिसेंबर १८४१ रोजी तुरीन शहरात ते मिस्साची तयारी करीत होते. बार्थोलोम्यु गॅरेल्ली नावाचा एक पोरका मुलगा साक्रिस्तीत शिरला. त्याला मिस्साला सेवा करता येत नव्हती, म्हणून तिथल्या सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले. वाचता येते का? नाही. गाता येते का? नाही. मग सांगतात की त्यांनी विचारले, शिट्टी वाजवता येते का? मुलगा हसला. त्याला जे येते तिथून त्यांनी सुरुवात केली, आणि त्याच दिवशी त्याला क्रुसाची खूण शिकवली. त्या एका मुलापासून त्यांचे सारे कार्य सुरू झाले.

मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तो लगेच वर्गात आला नाही. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी तो मागच्या बाकावर दिसला. विश्वासांगीकार त्याला अजून पुरता येत नाही. पण जेवढा येतो तेवढा तो म्हणतो, आणि मी तेवढ्याला ‘शाब्बास’ म्हणतो. गेल्या महिन्यात तो सहा ओळींपर्यंत आला.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. घरातल्या प्रत्येक मुलाचे एका खऱ्या गोष्टीसाठी, त्याच वेळी कौतुक करू या. आपल्या शब्दाने दुखावलेल्या एकाची तरी क्षमा मागू या. आणि रात्रीच्या रोझरीनंतर, गुण काहीही असोत, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना आशीर्वाद देऊ या.

हे प्रभो, आम्ही अडखळलो तरी तू आमचे ताट काढून घेत नाहीस. तुझा तो धीर आमच्या जिभेवर आणि आमच्या हातांत येऊ दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू